वर वायर, खाली डिझेल: अमेरिकेच्या अल्कोपासून वसई रोडपर्यंत

(या भागाचं लेखी रूप. बोलतानाचे अडखळे काढले आहेत, बाकी बोलणं जसंच्या तसं. मागे होळी बाजाराचा गलका ऐकू येतो, तो काही काढता आला नाही.)

नायगावच्या एका ऐकणारीने व्हॉइस नोट पाठवलीये. ती म्हणते, "जूचंद्रजवळ मालगाडी बघितली. वर विजेची वायर होती, तरी पुढे दोन डिझेल इंजिनं धडधडत होती. वायर आहे तर डिझेल कशाला जाळायचं? आणि दोन्ही इंजिनांचा आवाज वेगळा कसा?"

प्रश्न दोन वाक्यांचा आहे, उत्तर मात्र थेट अमेरिकेतल्या एका बंद पडलेल्या कंपनीपर्यंत जातं. आज ते सगळं उलगडूया. हेडफोन असेल तर लावा, मध्ये आवाज ऐकवणार आहे.

डिझेल इंजिन खरं तर विजेवरच चालतं

आधी एक गैरसमज. बसच्या इंजिनात डिझेल जळतं, गिअरबॉक्समधून ताकद चाकांकडे जाते. रेल्वेचं मोठं डिझेल इंजिन असं चालत नाही. आत डिझेलचं अवाढव्य इंजिन असतं, पण ते चाकांना हातच लावत नाही. ते फक्त जनरेटर फिरवतं. जनरेटर वीज तयार करतो, ती वीज खाली ॲक्सलला लटकलेल्या मोटारींकडे जाते आणि त्या मोटारी चाकं फिरवतात. त्यांना ट्रॅक्शन मोटर म्हणतात.

म्हणजे विजेचं इंजिन वीज वायरमधून घेतं आणि डिझेलवालं स्वतःचं वीजघर पाठीवर घेऊन फिरतं. फरक एवढाच.

हे वीजघर केवढं? आपल्याकडचं सगळ्यात गाजलेलं डिझेल इंजिन २६०० हॉर्सपॉवरचं होतं. एक हॉर्सपॉवर म्हणजे ७४६ वॅट. गुणाकार केलात तर १९ लाख वॅटच्या वर जातं. दीड किलोवॅटचे जवळपास तेराशे एसी एका वेळी चालतील इतकं. आणि हे सगळं ११२ टनांच्या एका डब्यात, खाली ५००० लिटर डिझेलची टाकी.

गिअरबॉक्स का नाही, असं कुणी विचारेल. हजारो टनांची मालगाडी थांबलेल्या जागेवरून हलवताना क्लच आणि गिअर टिकणं अवघड. विजेच्या मोटारीचं तसं नाही. ती शून्य वेगालाही पूर्ण जोर लावू शकते. म्हणून मधे वीज घातली.

नावं वाचायला शिका, मग मजा येते

इंजिनाच्या अंगावर डब्ल्यूडीएम, डब्ल्यूडीजी, डब्ल्यूडीपी असं लिहिलेलं असतं. पहिलं अक्षर रुळांचं. डब्ल्यू म्हणजे ब्रॉडगेज, आपले नेहमीचे रुंद रूळ. डी म्हणजे डिझेल. तिसरं अक्षर कामाचं: जी म्हणजे मालगाडी, पी म्हणजे प्रवासी, एम म्हणजे दोन्ही. शंटिंगचं असेल तर एस.

पुढचा आकडा पूर्वी फक्त मॉडेलचा क्रमांक होता. नंतर त्याला ताकदीचा अर्थ दिला. डब्ल्यूडीएम-३ए म्हणजे ३१०० हॉर्सपॉवर: ३ चे तीन हजार आणि ए चे शंभर. बी असेल तर ३२००. या हिशेबाने ३डी चे ३४०० व्हायला हवेत, पण डब्ल्यूडीएम-३डी प्रत्यक्षात ३३०० चं आहे. सरकारी हिशेब, चालायचंच.

जवळच शेडचं नावही रंगवलेलं असतं. कल्याण, पुणे, रतलाम, वटवा. ते इंजिनाचं घर. कुठेही फिरलं तरी ठरलेल्या दिवशी देखभालीला त्याला घरी परतावं लागतं.

१९६२: दोन पाहुणे आणि एक निवड

आता गोष्ट सुरू होते. स्वातंत्र्यानंतर देशात वाफेची इंजिनं होती आणि पोलाद कारखाने उभे राहत होते. खनिज आणि कोळसा हलवायला वाफेची ताकद पुरेना. १९५० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेच्या अल्को कंपनीकडून १०० डिझेल इंजिनं मागवली. अल्को म्हणजे अमेरिकन लोकोमोटिव्ह कंपनी, न्यूयॉर्क राज्यातल्या स्केनेक्टडी गावातली. हे मॉडेल डब्ल्यूडीएम-१, ताकद १९५० हॉर्सपॉवर. केबिन एकाच टोकाला असल्यामुळे परतीच्या प्रवासात इंजिन वळवून घ्यायची कटकट असायची.

१९६२ मध्ये खरी परीक्षा झाली. अल्कोने नवं मॉडेल पाठवलं, त्याला आपण डब्ल्यूडीएम-२ म्हटलं. त्याच वेळी जनरल मोटर्सचं इंजिनही आलं, ते डब्ल्यूडीएम-४. दोघांची ताकद साधारण सारखी. जनरल मोटर्सवालं उत्तम होतं, कित्येक रेल्वेवाले त्याला अल्कोपेक्षा सरस मानायचे. १९६९ मध्ये देशातली पहिली राजधानी एक्सप्रेस सुटली, तेव्हा पुढे डब्ल्यूडीएम-४ च होतं. तरीही ती फक्त ७२ आली. डब्ल्यूडीएम-२ ची संख्या अडीच हजारांच्या पुढे गेली.

का? कारण अल्को तंत्रज्ञान द्यायला तयार झाली. ड्रॉइंग, यंत्रं, माणसांना शिकवणं, सगळं. आपल्याला तयार इंजिन विकणारा नको होता, बनवायला शिकवणारा हवा होता. बनारसमध्ये डिझेल लोकोमोटिव्ह वर्क्स उभं राहत होतंच. सगळे त्याला डीएलडब्ल्यू म्हणायचे. जानेवारी १९६४ मध्ये तिथलं पहिलं इंजिन लाल बहादूर शास्त्रींच्या हस्ते देशाला अर्पण झालं.

माझं मत विचाराल तर हा निर्णय बरोबर होता, आणि तो त्या वेळी वाटला असेल त्याहूनही जास्त बरोबर ठरला. कारण पुढच्या सातच वर्षांत, १९६९ मध्ये, अल्कोने इंजिनं बनवणं बंद केलं. बाजारात जनरल मोटर्स आणि जनरल इलेक्ट्रिकपुढे टिकली नाही. आपण फक्त खरेदीदार असतो तर काय झालं असतं? सुट्या भागांसाठी दारोदार फिरावं लागलं असतं. इथे उलटं झालं. मूळ कंपनी गेली आणि तिचं इंजिन बनारसमध्ये आणखी काही दशकं बनत राहिलं. १९७६ मध्ये तर आपण टांझानियाला इंजिनं निर्यात केली.

[डब्ल्यूडीएम-२ सुरू होतानाचा आवाज, १५ सेकंद]

ऐकलंत? धडक-धडक-धडक. एकसारखं नाही, लंगडत चालल्यासारखं. ही अल्कोची ओळख. आत १६ सिलिंडर, व्ही आकारात बसवलेले, फोर-स्ट्रोक. ड्रायव्हर नॉच वाढवतो तेव्हा वरून काळ्या धुराचा लोट निघतो, कोकणात जाणाऱ्या जुन्या गाड्यांच्या व्हिडिओत तुम्ही पाहिला असेल. नॉच म्हणजे ॲक्सिलरेटरच्या पायऱ्या, एकूण आठ.

तो धूर का येतो? नॉच वाढवला की डिझेल लगेच जास्त जातं, पण ते जाळायला लागणारी हवा लगेच वाढत नाही. हवा आत ढकलतो टर्बो, आणि टर्बो फिरतो बाहेर पडणाऱ्या गरम वायूंवर. म्हणजे आधी जास्त जाळायचं, मग टर्बो वेग घेणार, मग हवा वाढणार. मधल्या काही सेकंदांत हवा कमी पडते, डिझेल अर्धवट जळतं आणि काजळी बाहेर येते. रेलफॅन मंडळींना हे दृश्य फार आवडतं. डब्यात पहिल्या खिडकीत बसलेल्याला विचारा, त्याचं उत्तर वेगळं असेल.

एकच इंजिन, तीस वर्षं घासूनपुसून

बनारसमध्ये पुढे जे झालं त्याला नवं मॉडेल म्हणावं की जुन्याची डागडुजी, यावर वाद घालता येईल. मूळ अल्को तेच. आजूबाजूचं बदलत गेलं.

आधी ब्रेक बदलले. पूर्वी गाड्या व्हॅक्यूम ब्रेकवर चालायच्या, मग एअर ब्रेक आले आणि इंजिनांना ते बसवावे लागले. मग जनरेटर बदलला. मूळ इंजिनात डीसी जनरेटर होता, त्याचे कार्बन ब्रश झिजायचे, ठिणग्या पडायच्या. त्याच्या जागी अल्टरनेटर आला. टर्बो सुधारला, इंधन पंप सुधारले आणि त्याच १६ सिलिंडरमधून २६०० ऐवजी ३१०० हॉर्सपॉवर निघायला लागले. हे डब्ल्यूडीएम-३ए. यातली बरीचशी नवी नव्हतीच. जुनी डब्ल्यूडीएम-२ पतियाळाच्या कारखान्यात नेऊन, सोलून, पुन्हा बांधलेली. मालगाडीसाठी त्याचंच भावंड डब्ल्यूडीजी-३ए आलं. २००३ च्या सुमारास डब्ल्यूडीएम-३डी. अल्को घराण्यातलं मेन लाइनवरचं हे जवळपास शेवटचं मोठं नाव, आणि कल्याण शेडची कोकणवाल्यांना माहीत असलेली इंजिनं हीच.

एक गोष्ट मात्र बनारसवाल्यांनी फार उशिरा बदलली, आणि इथे माझी खरी तक्रार आहे. केबिन एकच! डब्ल्यूडीएम-२ चा आकार आठवा. एका बाजूला छोटं नाक, मग केबिन, मग इंजिनाचा लांबलचक खोका. लांब बाजू पुढे ठेवून गाडी चालवायची वेळ आली की लोको पायलटच्या समोर दहा-बारा मीटरचा लोखंडी खोका. त्याच्या बाजूच्या खिडकीतून दिसेल तेवढंच दिसणार. दुसऱ्या बाजूचा सिग्नल असिस्टंटने बघायचा, मोठ्याने सांगायचा, पायलटने तो मोठ्याने परत म्हणायचा. आपल्याकडे सिग्नल मोठ्याने पुकारायची पद्धत आहेच, पण इथे तर तिच्यावरच सगळं अवलंबून. पाऊस, धुकं, वळण, आणि ताशी शंभरचा वेग. जे लोक हे करत आले त्यांना सलाम, पण त्यांच्यावर ही वेळ इतकी वर्षं यायला नको होती.

१९९५: या वेळी जनरल मोटर्स

१९९० च्या दशकात अल्कोच्या मर्यादा दिसायला लागल्या. जगात एसी मोटारींची इंजिनं आली होती. थोडं तांत्रिक आहे, पण सोपं करून सांगतो.

जुन्या डीसी मोटारीत फिरणाऱ्या भागाला वीज द्यायला कार्बनचे ब्रश घासत राहतात. ते झिजतात. आणि जड गाडी चढावर हळूहळू ओढत राहिलात तर मोटार तापून जळते, म्हणून ठरावीक वेळेपेक्षा जास्त तसं ओढता येत नाही. थ्री-फेज एसी मोटारीत ब्रश नसतात. ती तापमान सांभाळून बराच वेळ जोर लावू शकते. शिवाय कंप्युटर चाक किती घसरतंय हे सतत बघतो आणि त्याप्रमाणे वीज कमी-जास्त करतो.

१९९५ मध्ये जनरल मोटर्सशी करार झाला, आणि या वेळी तंत्रज्ञान देण्याची अट त्यात होती. ३३ वर्षांपूर्वी अडलं होतं तेच. १९९९ मध्ये पहिली इंजिनं अमेरिकेतून आली, डब्ल्यूडीजी-४, ४००० हॉर्सपॉवर. काही वर्षांत तीच बनारसमध्ये बनायला लागली.

आता तुलना करा. डब्ल्यूडीएम-२ थांबलेली गाडी हलवताना साधारण ३० टनांची ओढ लावायचं. डब्ल्यूडीजी-४ लावतं जवळपास ५४ टन. ताकद दीडपट वाढली आणि ओढ पावणेदोन पटीहून जास्त. हा चाक न घसरू देण्याचा फायदा.

[डब्ल्यूडीजी-४ चा आवाज, १५ सेकंद]

हा वेगळा आवाज आहे ना? एकसंध गुरगुर, वरून शिट्टीसारखा बारीक सूर. हे इंजिन टू-स्ट्रोक आहे. जुन्या यामाहा बाइकसारखं तत्त्व, फक्त एकेका सिलिंडरचं आकारमान ७१० घन इंच, म्हणजे साडेअकरा लिटरच्या वर. त्यावरूनच इंजिनाचं नाव ७१० पडलं. आणि याला अल्कोसारखा धूर कमी, कारण याचा टर्बो सुरुवातीला गिअरने इंजिनावरच फिरतो. गरम वायूंची वाट बघत बसत नाही. हवा पहिल्यापासून मिळते.

तर नायगावच्या ताई, दोन इंजिनांचे आवाज वेगळे का, याचं उत्तर बहुतेक इथे आहे. एक अल्को, एक जनरल मोटर्स. एक फोर-स्ट्रोक, एक टू-स्ट्रोक.

प्रवासी गाड्यांसाठी याचं भावंड आलं, डब्ल्यूडीपी-४. आणि त्यात एक गंमत झाली. वजन आणि खर्च वाचवायला सहापैकी चारच ॲक्सलना मोटारी दिल्या. कागदावर छान. पण लांब गाडी, ओले रूळ, चढ, असं सगळं एकत्र आलं की चाकं घसरायची. इंजिनात वाळूचे डबे असतात, चाकापुढे वाळू सोडायला, पण वाळूने किती भागणार? पुढच्या डब्ल्यूडीपी-४बी मध्ये मुकाट्याने सहाही ॲक्सलना मोटारी दिल्या आणि ताकद ४५०० केली. मग डब्ल्यूडीपी-४डी आलं. त्याला दोन्ही टोकांना केबिन! डब्ल्यूडीएम-२ येऊन तेव्हा जवळजवळ पन्नास वर्षं होत आली होती.

मग आपल्याकडे वायरखाली डिझेल का?

आता पहिल्या प्रश्नाकडे. मुंबईची वीज देशापेक्षा वेगळी होती, हे आधी लक्षात घ्या. मुंबईत १९२५ पासून १५०० व्होल्ट डीसीवर गाड्या चालायच्या. आपल्या लाइनवर ती वीज १९३६ मध्ये विरारपर्यंत पोचली आणि तिथेच थांबली. पुढे गुजरातकडे १९७० च्या दशकात वायर गेली, ती २५,००० व्होल्ट एसीची. म्हणजे विरारच्या पुढे करंटच बदलायचा. मधे वायरचा एक मेलेला तुकडा, गाडी स्वतःच्या वेगावर तो पार करायची. दोन्ही करंटवर चालणारी खास विजेची इंजिनं त्यासाठी बनवली होती. चर्चगेट ते विरार एसीवर आलं २०१२ च्या फेब्रुवारीत. मध्य रेल्वेला त्यापुढे आणखी काही वर्षं लागली.

अशा ठिकाणी डिझेल इंजिन म्हणजे बिनधास्त पाहुणा. वर कुठला करंट आहे, आहे की नाही, त्याला काही फरक पडत नाही. म्हणून कोकणकन्या आणि मांडवीसारख्या गाड्या वर्षानुवर्षं मुंबईतूनच डिझेल लावून वायरखालून निघायच्या. पुढे रोह्यानंतर कोकण रेल्वेवर वायरच नव्हती. ७४१ किलोमीटर, ९१ बोगदे, आणि सगळं डिझेल. लांब बोगद्यांत धूर बाहेर काढायला मोठे पंखे बसवावे लागले. २०२२ मध्ये तिथलं विद्युतीकरण पूर्ण झालं. त्यानंतर तिथल्या प्रवासी गाड्या एकेक करून विजेवर गेल्या.

आज वायर सगळीकडे आहे, तरी डिझेल दिसतं, त्याची कारणं साधी आहेत. मालगाडी जिथे भरते किंवा रिकामी होते, तिथे क्रेन वरून माल उचलते. त्या रुळांवर वायर टाकली तर क्रेन अडकेल. कारखान्यांच्या, बंदरांच्या, गोदामांच्या आतले रूळ असेच बिनवायरचे. शेवटच्या दोन किलोमीटरसाठी इंजिन बदलत बसण्यापेक्षा कित्येकदा डिझेलच पूर्ण प्रवास करतं. आणि वायर तुटली, अपघात झाला, तर मदतीची गाडी डिझेलच घेऊन येणार.

मढौरा: हजार इंजिनं आणि एक अवघड प्रश्न

आता ज्या भागावर मला कमेंटमध्ये शिव्या पडणार आहेत, तो.

२०१५ मध्ये रेल्वेने जनरल इलेक्ट्रिकशी करार केला. बिहारमध्ये सारण जिल्ह्यातल्या मढौरा इथे कारखाना, दहा वर्षांत १००० डिझेल इंजिनं. काही ४५०० हॉर्सपॉवरची, काही ६००० ची. देखभालीसाठी उत्तर प्रदेशात रोझा आणि गुजरातमध्ये गांधीधाम ही शेड. जनरल इलेक्ट्रिकचा रेल्वे विभाग २०१९ मध्ये वॅबटेक कंपनीत विलीन झाला, म्हणून आता तिथे वॅबटेकचं नाव.

आणि त्याच काळात रेल्वेने ठरवलं की सगळं ब्रॉडगेज विजेवर न्यायचं! २०१७ मध्ये हा करार गुंडाळायचा विचार चालल्याच्या बातम्याही आल्या. कंपनीने नाराजी कळवली. शेवटी करार टिकला आणि इंजिनं येत राहिली. तिकडे बनारसचा कारखाना मात्र विजेच्या इंजिनांकडे वळला. त्यांनी दोन जुनी डब्ल्यूडीजी-३ए डिझेल इंजिनं जोडून, बदलून, १०,००० हॉर्सपॉवरचं विजेचं इंजिन करून दाखवलं. २०२० मध्ये कारखान्याच्या नावातलं 'डिझेल' गेलं, आता ते बनारस लोकोमोटिव्ह वर्क्स आहे.

मग मढौरा म्हणजे पैशांची नासाडी का? काही जण सरळ हो म्हणतात. डिझेल इंजिनाचं आयुष्य ३६ वर्षं धरलं जातं. २०२० नंतर घेतलेलं इंजिन २०५५ च्या पुढे चालायला हवं, आणि तोवर वायरखाली त्याला काम काय? मुद्दा खोटा नाही.

पण मला दुसरी बाजूही दिसते. विजेवर पूर्ण अवलंबून असलेल्या देशाला हाताशी डिझेलचा साठा लागतोच. पूर, वादळ, ग्रिड बंद पडणं, सीमेवरची गरज. मग तो साठा ४० वर्षं जुन्या, धूर ओकणाऱ्या अल्कोंचा ठेवायचा की नव्या इंजिनांचा? शिवाय २०२५ मध्ये मढौराहून आफ्रिकेतल्या गिनी देशाला इंजिनं जायला लागली. हे चांगलंच झालं.

मला खटकतं ते वेगळंच. अल्कोशी करार झाला तेव्हा बनवायला आपण शिकलो. जनरल मोटर्सशी झाला तेव्हाही. मढौरात कारखाना इथला आहे, कामगार इथले आहेत, पण डिझाइन आणि निर्णय कंपनीचे. १९६९ मध्ये अल्को बंद पडली तरी बनारसचं काम थांबलं नाही. उद्या ही कंपनी दुसरीकडे वळली तर मढौराचं काय होईल? हा प्रश्न विचारायला अजून उशीर झालेला नाही.

आणि शेडमधली माणसं? अल्कोचा फिटर नुसत्या आवाजावरून सांगायचा की कुठला सिलिंडर नीट फायर होत नाहीये. ते कान तयार व्हायला पंधरा-वीस वर्षं जायची. आता कित्येक डिझेल शेडना विजेची इंजिनं सांभाळायला दिली आहेत, पुण्याचं शेडही त्यातलं. तिथे लॅपटॉप लावला की बिघाड स्क्रीनवर दिसतो. काम गेलं नाही, हे चांगलं. पण कानाची किंमत गेली.

दोन झटपट प्रश्न

नालासोपाऱ्याहून एक: "पावसात रुळांवर पाणी भरलं की लोकल बंद, मग डिझेल इंजिन का नाही लावत?" लोकांना वाटतं डिझेलला पाण्याची भीती नाही. पण मघाशी काय सांगितलं? चाकं फिरवणाऱ्या विजेच्या मोटारी डिझेल इंजिनातही खाली, ॲक्सलपाशीच असतात. पाणी रुळांच्या वर ठरावीक उंचीला गेलं की त्या मोटारीही जळू शकतात. २०१८ च्या जुलैमध्ये नालासोपाऱ्यात पाणी भरलं, लांब पल्ल्याच्या गाड्या अडकल्या, माणसं उतरवून काढावी लागली. अशा वेळी वायर जिवंत आहे की नाही हा मुद्दा नसतो, पाण्याची उंची मोजली जाते. वायर तुटली असेल आणि पाणी नसेल, तेव्हा डिझेलचा खरा उपयोग.

वसई गावातून दुसरा: "डिझेल इंजिन स्टेशनात उभं असतानाही चालूच का ठेवतात?" बंद केलं की परत सुरू करणं बाइकसारखं सोपं नसतं. बॅटरीवर मोठा ताण येतो, ब्रेकमधला हवेचा दाब उतरतो, तो परत भरावा लागतो. म्हणून पूर्वी तासन्तास चालू ठेवायचे, डिझेल फुकट जाळत. नंतरच्या कित्येक इंजिनांत एक छोटं वेगळं इंजिन बसवलं. मोठं बंद होतं, छोटं बॅटरी आणि हवा सांभाळतं.

जाता जाता, तुम्हाला ही इंजिनं बघायची असतील तर वसई रोडला दिवा-पनवेल बाजूच्या गाड्यांवर लक्ष ठेवा. गुजरातकडून कोकणात जाणाऱ्या गाड्या सरळ निघतात, पण मुंबईहून आलेल्या गाडीला इथे इंजिन एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला न्यावं लागतं. ते टाळायला नायगाव-जूचंद्र जोडमार्गाची योजना आहे. तो झाला की हा खेळ संपेल, तोवर फलाटावर उभं राहून इंजिन सुटताना-जोडताना निवांत बघता येतं. फलाटावरूनच बघा हं. रुळांत उतरून रील काढणं रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली गुन्हा आहे, आणि विजेचं इंजिन मागून येतं तेव्हा आवाज फार उशिरा ऐकू येतो.

बघितलंत तर नंबर, शेडचं नाव आणि दहा सेकंदांचा आवाज व्हॉइस नोटवर पाठवा. पुढच्या भागात तुमच्या आवाजांवरून ओळखूया, अल्को कुठलं आणि जनरल मोटर्सवालं कुठलं. भेटू!